पुढारी कोणी नेमायचा?
करवीर संस्थानाच्या राजकीय इतिहासातील एक प्रश्न

१

२६ जून जवळ आला की कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या जयंतीची तयारी सुरू होते. दसरा चौकातील पुतळ्याला हार पडतात, शाळांतून निबंध लिहिले जातात, सभागृहांतून व्याख्याने होतात. या व्याख्यानांत एक यादी हमखास ऐकू येते. महाराजांनी मागासलेल्यांना नोकऱ्यांत राखीव जागा दिल्या. अस्पृश्यांना वसतिगृह दिले. सक्तीचे शिक्षण दिले. विहिरी, धर्मशाळा, दवाखाने उघडून दिले. वेठबिगार बंद केली. यादी खरी आहे. मी इतिहासाचा शिक्षक आहे आणि ही यादी मी स्वतः वर्गात फळ्यावर अनेकदा लिहिली आहे.

परंतु या यादीचे व्याकरण पाहावे. प्रत्येक वाक्यात कर्ता राजा आहे आणि आमचा समाज चतुर्थी विभक्तीत उभा आहे. कोणीतरी देतो आणि आम्ही घेतो. करवीर संस्थानाचा जो इतिहास लिहिला गेला, त्याचे स्थूलमानाने दोन प्रकार आहेत. पहिला छत्रपतींच्या वंशावळीचा: ताराबाई, दुसरे शिवाजी, दुसरे संभाजी, दत्तकांमागून दत्तक. दुसरा सुधारणांचा: एका दयाळू राजाने काय काय केले. पहिल्या प्रकारात अस्पृश्य नाहीतच. दुसऱ्या प्रकारात आहेत, पण ओंजळ पसरून.

या लेखात मला तिसरा प्रश्न विचारायचा आहे. या संस्थानात पुढारीपण कोणाकडे होते, ते कशाच्या बळावर होते, आणि ते एका हातातून दुसऱ्या हातात कसे गेले? हा प्रश्न लावून पाहिला की शाहू महाराजांचे मोठेपण कमी होत नाही. ते नेमके कशात होते, हे मात्र वेगळ्या प्रकाशात दिसते. आणि आजच्या आमच्या पुढारीपणाचीही तपासणी करणे भाग पडते.

२

करवीरची गादी ताराबाईंच्या कर्तृत्वातून उभी राहिली. १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा आणि कोल्हापूर ही दोन राज्ये कायमची वेगळी झाली. पुढे इंग्रज आले. १८४४ मध्ये सामानगड, भुदरगड, पन्हाळा येथील गडकऱ्यांनी उठाव केला. ३१ जुलै १८५७ रोजी कोल्हापुरातील २७ व्या पलटणीने बंड केले आणि त्यानंतर राजबंधू चिमासाहेबांना कराचीला नेऊन ठेवण्यात आले. चौथे शिवाजी महाराज १८८३ मध्ये अहमदनगरच्या किल्ल्यात इंग्रजांच्या बंदोबस्तात असतानाच मृत्यू पावले. त्यांच्या मागे १७ मार्च १८८४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव दत्तक आले. तेच शाहू महाराज. २ एप्रिल १८९४ रोजी राज्यकारभार त्यांच्या हाती आला.

या सगळ्या काळात गादीवर कोण होते, यापेक्षा दौत आणि लेखणी कोणाच्या हाती होती हे अधिक महत्त्वाचे आहे. राजे अल्पवयीन, दत्तक किंवा नजरकैदेत. इंग्रज अधिकारी परके आणि थोडे. अशा वेळी राज्य चालवतो तो कागद लिहिणारा आणि कागद वाचून दाखवणारा. १८९४ साली संस्थानच्या सर्वसाधारण कारभारातील ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण अधिकारी होते. गावात कुलकर्णी तेच काम करी. कोणाची जमीन किती, कोणाचे देणे किती, कोणाची पाळी कधी, हे त्याच्या दप्तरात. पाटील मराठा किंवा जैन असला तरी त्याला दप्तर वाचता येत नसे. महाराला तर दप्तर कोणत्या कोनाड्यात ठेवले आहे हे पाहण्याचाही हक्क नव्हता. पुढारीपण लेखणीच्या मागे चालत होते.

३

वेदोक्त प्रकरणाची हकीकत सर्वांना ठाऊक आहे. १८९९-१९०० च्या सुमारास पंचगंगेवरील स्नानाच्या वेळी भटजी राजासाठी पुराणोक्त मंत्र म्हणतो, कारण त्याच्या मते राजा शूद्र आहे. त्यातून वाद वाढला आणि १९०२ मध्ये राजोपाध्यांचे वतन जप्त झाले. हे प्रकरण बहुधा मराठ्यांच्या क्षत्रियत्वाचा वाद म्हणून सांगितले जाते. मला त्यातला दुसरा धडा महत्त्वाचा वाटतो. ज्याच्या नावाने तोफांची सलामी झडते त्यालाही धर्माच्या बाबतीत हुकूम चालवता येत नाही. जातिव्यवस्था सिंहासनापेक्षा उंच बसलेली आहे. महाराजांना हा अनुभव अंगावर आला. एवढा अनुभव आल्यावर अनेक राजांनी स्वतःपुरते क्षत्रियत्व मिळवून विषय मिटवला असता. त्यांनी लेखणीच्या मक्तेदारीलाच हात घातला.

२६ जुलै १९०२ रोजी, महाराज विलायतेत असताना, करवीर सरकारच्या गॅझेटमध्ये हुकूम प्रसिद्ध झाला. यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निदान शेकडा ५० जागा मागासलेल्या वर्गातील लोकांना द्याव्यात. ज्या खात्यात हे प्रमाण ५० पेक्षा कमी असेल तेथे पुढची नेमणूक मागासलेल्या वर्गातूनच व्हावी. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि तत्सम पुढारलेले वर्ग सोडून बाकी सर्व मागासलेले, अशी व्याख्या होती. १९२२ साली महाराज वारले तेव्हा सर्वसाधारण कारभारातील ९५ जागांपैकी ब्राह्मण अधिकारी ३६ उरले होते.

या आकड्यांचा अभिमान बाळगावाच. पण आतून तपासावेत. 'मागासलेले' या एका शब्दाखाली मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान, कोळी, महार, मांग, चांभार सगळे आले. नोकरीसाठी इंग्रजी किंवा निदान मोडी आणि हिशेब यायला हवा. ज्याच्याकडे थोडी जमीन, थोडी शाळा होती तो पहिल्यांदा पुढे सरकला, आणि तेही स्वाभाविक होते. राखीव जागेचा दरवाजा उघडला, परंतु दरवाज्यापर्यंत पोचणारा रस्ता आमच्या वस्तीतून जात नव्हता. या काळात कोल्हापुरातून जे पुढारी घडले त्यांत भास्करराव जाधव १९२३ साली मुंबई इलाख्याचे मंत्री झाले. अण्णासाहेब लठ्ठे पुढे कोल्हापूरचे दिवाण आणि १९३७ च्या मुंबई मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले. ब्राह्मणेतरांचे पुढारीपण पंधरा-वीस वर्षांत उभे राहिले. अस्पृश्यांचे का राहिले नाही, याचे उत्तर महाराजांना स्वतःच्या हुकुमाच्या मर्यादेत सापडले असावे, कारण त्यांची पुढली पावले नेमकी त्या दिशेने पडलेली दिसतात.

४

१९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांची मुले सर्वांच्या सरकारी शाळांत बसवण्याचा हुकूम निघाला. त्याच वर्षी सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, दवाखाने, कचेऱ्या येथे शिवाशीव पाळू नये असे फर्मान निघाले.

परंतु १९१८ ते १९२० या तीन वर्षांतील दुसरे काही हुकूम मला त्याहून मूलगामी वाटतात, कारण ते गावच्या सत्तेच्या मुळाशी जातात. १९१८ मध्ये कुलकर्णी वतने रद्द होऊन पगारी तलाठी आले, आणि काही तलाठी अस्पृश्यांतूनही नेमले गेले. त्याच वर्षी महार वतन रद्द झाले. महार, मांग, रामोशी, बेरड यांच्यावरची हजेरी बंद झाली. १९२० मध्ये वेठ बंद झाली.

महार वतन म्हणजे काय होते, हे आजच्या विद्यार्थ्याला सांगावे लागते. थोडीशी जमीन साऱ्या महारवाड्याच्या नावाने सामाईक. पिढी वाढेल तसे तिचे तुकडे होत होत एकेकाच्या वाट्याला वीतभर उरे. त्या बदल्यात करायचे काम मात्र मोजलेले नव्हते. सरकारी टपाल पोचवणे, साहेबाच्या घोड्यापुढे धावणे, मेलेले जनावर ओढणे, मयताची वर्दी गावोगाव देणे, रात्री अपरात्री हाक आली की उठणे. मोबदल्यात बलुते म्हणून मिळणारे धान्य देणाऱ्याच्या मर्जीवर. जमीन सोडावी तर पोट सुटते, धरावी तर मान अडकते. ज्याची मान अशी गावाच्या हातात आहे तो गावाविरुद्ध उभा कसा राहील? तो पुढारी कसा होईल? करवीरने या जमिनी रयताव्याने व्यक्तींच्या नावे करून देण्याचा मार्ग धरला. शेजारच्या इंग्रजी मुलखात काय झाले पाहा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते पार पडले नाही. तेथे कनिष्ठ गावकामगार वतने नष्ट करणारा कायदा आला तो १९५८ चा. मधली चाळीस वर्षे आमच्या कितीतरी माणसांनी घोड्यापुढे धावण्यात घालवली.

दुसरी गोष्ट वकिलीच्या सनदांची. महाराजांनी अस्पृश्य समाजातील काही तरुणांना वकिलीच्या सनदा दिल्या. दत्तोबा पवार हे त्यांतले एक. ही गोष्ट यादीत शेवटी, घाईने सांगितली जाते. मला ती फार अर्थपूर्ण वाटते. कारकून राजाचा चाकर असतो. वकील चाकर नसतो. तो मामलेदारासमोर, न्यायाधीशासमोर उभा राहून सरकारी हुकुमाचा अर्थ सांगतो, प्रसंगी त्याच्याविरुद्ध बोलतो. सनद देणारा राजा आपल्याच कचेरीसमोर बोलणारे तोंड तयार करत होता.

तिसरी गोष्ट गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलची. सरकारी पागेत नोकरीला असलेल्या गंगारामांना पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मार बसला. त्यांनी महाराजांकडे तक्रार नेली. पुढे महाराजांच्या मदतीने त्यांनी शहरात 'सत्यसुधारक' हॉटेल काढले. गिऱ्हाईक येईना, तेव्हा महाराज गाडी थांबवून तेथे चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावू लागले. ही गोष्ट सांगताना सारा प्रकाश महाराजांच्या कपावर पडतो. मी विद्यार्थ्यांना सांगतो, जरा गंगारामांकडे पाहा. मार खाल्ल्यावर गप्प न बसता तक्रार घेऊन जाणारा माणूस हा या गोष्टीचा आरंभ आहे. ज्या शहरात आपली सावली चालत नाही तेथे रस्त्यावर चहाची किटली मांडणे ही हिंमत त्याची. आणि महाराजांच्या मृत्यूनंतर १९२५ साली नर्सरी बागेत त्यांचे स्मारक उभारण्यात पुढाकार घेतला तोही गंगाराम कांबळ्यांनीच. घेणारा माणूस देणाऱ्याचे स्मारक बांधू शकेल इतका उभा राहिला होता.

५

या पार्श्वभूमीवर २१ आणि २२ मार्च १९२० रोजी माणगावला भरलेली बहिष्कृत वर्गाची परिषद पाहिली पाहिजे. माणगाव तेव्हा कागल जहागिरीत होते, आज ते हातकणंगले तालुक्यात आहे. अध्यक्ष होते डॉ. आंबेडकर. तेव्हा ते २८ वर्षांचे होते आणि नुकतेच मुंबईच्या सिडनॅम कॉलेजातील प्राध्यापकपदावरून मोकळे झाले होते. ३१ जानेवारीला 'मूकनायक' सुरू होऊन दोन महिनेही झाले नव्हते. त्या पत्राला महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. परिषदेसाठी खपणाऱ्यांत दत्तोबा पवार आणि गावचे जैन पाटील आप्पासाहेब हे होते. महाराज शिकारीच्या पोशाखात आले आणि त्यांनी भाषण केले. तुम्ही तुमचा खरा पुढारी शोधून काढलात, याबद्दल मी तुमचे अभिनंदन करतो, असा त्या भाषणाचा आशय होता.

हे उद्गार आज सुविचारासारखे भिंतीवर लावले जातात. त्यांचा त्या वेळचा राजकीय अर्थ मात्र विसरला जातो. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांचा तो काळ. कायदेमंडळात कोणाचे प्रतिनिधी किती आणि ते कोणी निवडायचे, यावर देशभर वाद चालू होता. बाबासाहेबांनी जानेवारी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष देऊन अस्पृश्यांना मताधिकार आणि स्वतःचे प्रतिनिधी हवेत असे मांडले होते. अस्पृश्यांच्या वतीने बोलणारे सद्‌हेतूचे स्पृश्य पुढारी पुष्कळ होते. अस्पृश्यांचे प्रतिनिधी कायदेमंडळाच्या सभासदांनी निवडावेत, अशीही सूचना डिप्रेस्ड क्लासेस मिशनकडून झाली होती. माणगावनंतर दोनच महिन्यांनी, मे १९२० च्या अखेरीस नागपूरला शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली जी परिषद भरली, तिने ही सूचना धुडकावून लावली. म्हणजे त्या वसंत ऋतूत प्रश्न एकच होता: आमचा पुढारी कोणी नेमायचा?

महाराजांजवळ उत्तर तयार होते असे म्हणता आले असते. राजा ते, हुकूम त्यांचे, पैसा त्यांचा, बोर्डिंग त्यांचे. आश्रितांचा पुढारी आश्रयदाताच, ही आपल्याकडची जुनी रीत. त्यांनी मात्र भरसभेत सांगितले की तुमचा पुढारी तुमच्यातला आहे आणि तो तुम्ही शोधलेला आहे. स्वतःकडे येणारे पुढारीपण त्यांनी योग्य मालकाच्या स्वाधीन केले. माझ्या मते करवीर संस्थानाच्या दोनशे वर्षांच्या राजकीय इतिहासातील ही सर्वांत मोठी घटना आहे, आणि ती कोणत्याही हुकूमनाम्यात नोंदलेली नाही.

६

याचे महत्त्व कळण्यासाठी दूरच्या एका देशाचे उदाहरण घेतो. आमच्या परंपरेला ते परके नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले होते. त्यांची नजर उत्तर अमेरिकेवर होती. आपण दक्षिण अमेरिकेतल्या ब्राझीलकडे पाहू.

आफ्रिकेतून पकडून आणलेल्या चाळीस लाखांहून अधिक माणसांना गुलाम म्हणून ब्राझीलच्या किनाऱ्यावर उतरवण्यात आले. साऱ्या अमेरिका खंडात गुलामगिरी सर्वांत शेवटी कायद्याने बंद झाली ती तेथेच. १३ मे १८८८ रोजी बादशहा परदेशी असताना त्याची मुलगी राजकन्या इझाबेल हिने कायद्यावर सही केली. त्याला 'सुवर्ण कायदा' म्हणतात. त्यात कलमे दोनच. गुलामगिरी नष्ट झाली, हे एक. याविरुद्धचे सर्व नियम रद्द, हे दुसरे. जमिनीबद्दल शब्द नाही, शाळेबद्दल नाही, मजुरीबद्दल नाही. त्याआधी वर्ष-दोन वर्षे गुलाम स्वतःच मळे सोडून टोळ्यांनी पळत होते आणि लष्कर त्यांना पकडून आणायला नाखूष होते. तरी श्रेय राजकन्येला मिळाले, लोक तिला मुक्तिदात्री म्हणू लागले.

पुढल्याच वर्षी, १५ नोव्हेंबर १८८९ रोजी बादशाही गेली आणि प्रजासत्ताक आले. परंतु निरक्षराला मत नाही, हा नियम प्रजासत्ताकानेही ठेवला आणि तो १९८५ पर्यंत टिकला. गुलामाला शाळा द्यायची नाही, मग शाळा नाही म्हणून मत द्यायचे नाही. सुमारे शंभर वर्षे ब्राझीलचे राष्ट्राध्यक्ष मळेवाले, वकील आणि सेनापती यांच्यातून येत राहिले. १९४४ मध्ये अब्दियास दो नासिमेंतो यांनी रिओ शहरात काळ्या माणसांची नाटक मंडळी काढली आणि तेथून एक आत्मभानाची चळवळ वाढली. पुढे ते संसदेत गेले. १९७१ पासून काळ्या कार्यकर्त्यांनी १३ मेऐवजी २० नोव्हेंबर हा दिवस पाळायला सुरुवात केली. १६९५ साली त्या दिवशी झुंबी मारला गेला. पळालेल्या गुलामांनी पाल्मारेसच्या डोंगरात जे स्वतंत्र राज्य वसवले होते, त्याचा तो पुढारी. राजकन्येच्या सहीचा दिवस मागे ठेवून आपल्या पुढाऱ्याच्या मरणाचा दिवस त्यांनी पुढे आणला. २०२३ मध्ये तो देशभरची सुट्टी म्हणून मान्य झाला. केंद्रीय विद्यापीठांतील निम्म्या जागा सरकारी शाळांतील मुलांसाठी, आणि त्यांत काळ्यांचा व मूलनिवाशांचा वाटा, असा कायदा तेथे २०१२ साली झाला. कोल्हापूरच्या पन्नास टक्क्यांनंतर तो एकशे दहा वर्षांनी आला.

मग शाहू महाराज आमची इझाबेल आहेत काय? मी म्हणतो, नाहीत. त्यांच्या हुकूमनाम्यांत शाळा होती, जमीन होती, सनद होती, आणि सरतेशेवटी 'तुमचा पुढारी तुम्ही' ही कबुली होती. त्यांनी मुक्ती जाहीर करून हात झटकले नाहीत. परंतु आम्ही त्यांची आठवण ज्या पद्धतीने करतो, त्या पद्धतीने आम्ही त्यांना इझाबेल करून टाकले आहे. सही करणारा हात लक्षात ठेवायचा आणि मळे सोडून निघालेले पाय विसरायचे, हा तो दोष.

७

दुसरी बाजूही स्पष्ट मांडली पाहिजे. राजाचे हुकूम राजाच्या आयुष्याएवढे. ६ मे १९२२ रोजी महाराज वारले तेव्हा ते ४७ वर्षांचे होते. संस्थानात प्रजेला जबाबदार असे कायदेमंडळ नव्हते. हुकूम काढायचा तो राजाने आणि राखायचा तोही राजाने. फर्मान निघाले म्हणून गावच्या विहिरीवरचा दगड आपोआप हलत नाही. तो हलवायला गावात संघटना लागते. माधवराव बागल, रत्नाप्पा कुंभार यांच्या प्रजा परिषदेने १९३९ पासून जबाबदार राज्यपद्धतीची मागणी लावून धरली. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. हुकूमनाम्यांचे युग संपले आणि मताचे युग सुरू झाले.

या नव्या युगाच्या उंबरठ्यावर दोन गोष्टी घडल्या. ९ डिसेंबर १९५० रोजी बागलांच्या पुढाकाराने बिंदू चौकात जोतीराव आणि बाबासाहेब यांचे पुतळे उभे राहिले. बाबासाहेब तेव्हा हयात होते. आणि १९५७ च्या लोकसभा निवडणुकीत द्विसदस्य कोल्हापूर मतदारसंघातून शेतकरी कामगार पक्षाचे भाऊसाहेब महागावकर आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे शंकरराव दिगे निवडून आले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याची ती लाट होती. द्विसदस्य मतदारसंघात प्रत्येक मतदाराला दोन मते असत. म्हणजे हजारो मराठा, जैन, लिंगायत शेतकऱ्यांनी आपले एक मत बाबासाहेबांनी स्थापन केलेल्या पक्षाच्या माणसाला दिले होते. येथे कोणी हुकूम काढला नव्हता. एका राजकीय कराराने, दोन स्वतंत्र पक्षांनी समोरासमोर बसून हे घडवले. माणगावचा धागा पकडायचा तर मी येथे पकडतो.

तो धागा पुढे विरला. द्विसदस्य मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने गेले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी स्थापन झालेला रिपब्लिकन पक्ष गटागटांत फुटला. आणि इकडे जिल्ह्यात सत्तेचा पायाच बदलला. १८९४ साली सत्ता लेखणीमागे होती. आता ती उसामागे गेली. महाराजांनी सुरू केलेले राधानगरीचे धरण स्वातंत्र्यानंतर पुरे झाले, पंचगंगा-भोगावतीच्या काठी ऊस वाढला, सहकारी कारखाने उभे राहिले. कारखान्याचा सभासद होण्यासाठी ऊस हवा, उसासाठी जमीन आणि पाणी हवे. ज्यांच्या वाट्याला वतनाची वीतभर जमीन आली होती, ते या लोकशाहीत मतदार राहिले, सभासद झाले नाहीत. कारखान्यामागून बँक, बँकेमागून दूध संघ, त्यामागून कॉलेजे. ब्राह्मणेतर पुढारीपणाची जी वाट १९०२ मध्ये मोकळी झाली, ती येथवर येऊन पोचली आणि तिने आपल्या मागे फाटक लावून घेतले. हे कटु आहे, पण बोलले पाहिजे.

आमच्या वाट्याला राखीव मतदारसंघ आला. जिल्ह्यात पूर्वी वडगाव, २००८ च्या पुनर्रचनेनंतर हातकणंगले. माणगाव ज्या तालुक्यात आहे तोच तालुका. राखीव जागेवर दलित निवडून येतो. पण त्याला उमेदवारी देतो कोण? १९३२ च्या पुणे करारानंतर बाबासाहेब जी भीती सांगत राहिले ती हीच: जागा आमची आणि निवड दुसऱ्यांची. ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर गावोगाव दलित सरपंच झाले, दलित स्त्रिया सरपंच झाल्या. त्यांतल्या काहींनी खरोखर गाव हलवले. कित्येक ठिकाणी मात्र सही सरपंचाची आणि कारभार वाड्यावरचा, असे आजही चालते. १९२० चा प्रश्न शंभर वर्षांनंतर ग्रामपंचायतीच्या पायरीवर पुन्हा बसलेला आहे.

८

मग कार्यकर्त्याने या इतिहासातून काय घ्यावे? माझ्या मते पुढारीपण तपासण्याच्या तीन कसोट्या यातून मिळतात.

पहिली: पुढारी लोकांच्या हाती काय ठेवून जातो? सवलत की साधन? सवलत पुढाऱ्याबरोबर संपते. शाळा, स्वतःच्या नावाची जमीन, वकिलीची सनद, चालते वृत्तपत्र ही साधने उरतात. दुसरी: तो आपल्या विरुद्ध बोलू शकणारी माणसे तयार करतो की फक्त जयजयकार करणारी? महाराजांनी वकील तयार केले. आजचे आमचे किती पुढारी आपल्या गटात एका वकिलाचे तोंड सहन करतात? तिसरी आणि सर्वांत कठीण: वेळ आली की तो पुढारीपण योग्य हातात सोपवतो काय? २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी इशारा दिला होता की धर्मातली भक्ती आत्म्याला मोक्ष देत असेल, राजकारणातली भक्ती मात्र अधःपाताकडे आणि हुकूमशाहीकडे नेते. या कसोट्या राजाला लावायच्या, तशाच आपल्या वस्तीतल्या पुढाऱ्यालाही लावायच्या. एकाला सूट देऊन भागणार नाही.

आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी एक काम आहे. कोल्हापूरच्या पुरालेखागारात संस्थानची दप्तरे आहेत. हुकूमनाम्यांवर पुस्तके झाली. आता अर्जांवर झाली पाहिजेत. प्रत्येक हुकुमामागे कोणाचा तरी अर्ज, कोणाची तरी फिर्याद, कोणी तरी मोडलेला नियम असतो. अस्पृश्यांतून तलाठी झालेली माणसे कोणत्या गावची होती? गावाने त्यांना दप्तर उघडू दिले काय? सनदा मिळालेल्या वकिलांनी कोणते खटले चालवले? माणगावच्या मंडपात कोणकोणत्या गावांहून माणसे चालत आली होती? त्यांची नातवंडे-पतवंडे अजून याच जिल्ह्यात आहेत. मोडी शिकावी, दप्तरात बसावे, वस्तीवर जाऊन म्हाताऱ्या माणसांशी बोलावे. आपल्या पुढाऱ्यांची नावे आपणच कागदावर आणली नाहीत, तर येणाऱ्या पिढ्या समजतील की या जिल्ह्यात एकच माणूस राहत होता आणि बाकी सर्व त्याची प्रजा होती. असे समजणे हा आमच्या माणसांवर अन्याय आहेच. पण माणगावला उभे राहून नेमके उलटे सांगणाऱ्या शाहू महाराजांवरही तो अन्याय आहे.